फोम पंपासाठी घरगुती द्रव साबण

फोम पंपाच्या बाटलीतून हातावर जो तयार फेस पडतो, त्यात साबणाचा वाटा थोडा आणि हवेचा वाटा फार मोठा असतो. पंपाच्या पोटात दोन कप्पे असतात. एकात साबणाचे पाणी येते आणि दुसऱ्यात हवा. वरची कळ दाबली की दोन्ही एकाच वेळी पुढे ढकलले जातात, चिंचोळ्या जागेत एकमेकांत मिसळतात आणि बारीक छिद्रांच्या एक-दोन जाळ्यांतून पार होऊन बाहेर पडतात. ही रचना नीट ध्यानात घेतली की या कामातले बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. जाळीतून सहज जाईल असा द्रव पाण्याइतका पातळ हवा, त्यात तरंगणारा कण नको, सुटे तेल नको आणि थंड झाल्यावर थिजणारा घटकही नको.

एरवी घरी द्रव साबण करणाऱ्यांची अर्धी शक्ती तो दाट कसा करावा यातच खर्च होते. मीठ घालून पाहिले जाते, डिंक घातला जातो, तरीही बाजारातल्या हँडवॉशसारखी धार काही येत नाही. फोम पंपासाठी ही सगळी खटपट अनावश्यक आहे. येथे साबण पातळ असणे हाच त्याचा गुण आहे, आणि म्हणून घरगुती द्रव साबणाची सुरुवात याच बाटलीपासून करावी असे माझे मत आहे.

तयार साबण पातळ करायचा असेल तर

ज्यांना क्षार, म्हणजे तेलाचा साबण करणारा दाहक कॉस्टिक पदार्थ, हाताळायचा नाही, त्यांनी वनस्पती तेलांपासून केलेला, पोटॅशवर (पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर) आधारलेला दाट द्रव साबण विकत आणून तो पातळ करावा. साधारण एक भाग साबणाला तीन ते चार भाग पाणी पुरते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत आधी १४० मिलिलिटर पाणी ओतावे आणि मग ४० मिलिलिटर साबण बाटलीच्या कडेने हळूच सोडावा. हा क्रम उलटा केला तर साबणावर पाण्याची धार पडून बाटली फेसानेच भरून जाते आणि झाकण लावण्याआधी तासभर थांबावे लागते. बाटली हलवू नये. दोन-तीनदा सावकाश आडवी-उभी केली तरी मिश्रण एकजीव होते.

नेहमीचा हँडवॉशही याच प्रमाणात पातळ करता येतो, परंतु तो बहुधा खरा साबण नसून डिटर्जंट असतो आणि त्याचा दाटपणा मिठाने किंवा एखाद्या जेलने आणलेला असतो. मिठाने दाट केलेला हँडवॉश पाणी लागताच पातळ होतो आणि पंपात चांगला चालतो. जेल घातलेल्या हँडवॉशमध्ये मात्र पाणी मिसळल्यावर बुळबुळीत गुठळ्या राहतात; तो रात्रभर ठेवून, बारीक कापडातून गाळूनच वापरावा. पाणी मिसळले की त्यातले परिरक्षकही (नासण्यापासून वाचवणारे रसायन) तितकेच विरळ होते, म्हणून पातळ केलेला हँडवॉश मूळ बाटलीइतके दिवस टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

साबणाची वडी किसून पाण्यात विरघळवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो फोम पंपासाठी निरुपयोगी आहे. वडीचा साबण कॉस्टिक सोड्याचा, म्हणजे सोडियमचा असतो आणि त्यात स्टिअरिक व पामिटिक आम्लांची लवणे भरपूर असतात. ती गरम पाण्यात विरघळतात, पण पाणी निवले की पुन्हा जेलीसारखे थिजतात. संध्याकाळी अगदी पातळ दिसणारे मिश्रण सकाळी बाटलीत हलत नाही आणि पंपाची जाळी कायमची बुजते.

मुळापासून साबण करताना

द्रव साबणाला पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक पोटॅश लागतो. कॉस्टिक सोडा त्याच्या जागी चालत नाही आणि वजनाला वजन बदलताही येत नाही, कारण तेवढ्याच तेलासाठी पोटॅश सोड्याच्या सुमारे १.४ पट लागतो. पाकिटावर शुद्धतेची टक्केवारी अवश्य पाहावी. पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतो आणि घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या पापडीत तो बहुधा ९० टक्क्यांच्या आसपास असतो. पुढील सर्व हिशेब ९० टक्के धरून केला आहे.

तेलांच्या निवडीत फोम पंपाचा वेगळा फायदा होतो. खोबरेल तेलातल्या लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लांमुळे साबणाला झटपट फेस येतो, पण तेच प्रमाणाबाहेर गेले की त्वचा कोरडी पडते. साध्या बाटलीतल्या साबणाला फेस यावा म्हणून खोबरेल निम्म्याहून अधिक घालण्याचा मोह होतो. येथे फेस पंप करतो, त्यामुळे ते कमी करून सौम्य तेलाला जागा देता येते. मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन निव्वळ ऑलिव्ह तेलाचा साबण करू नये. त्यातल्या ओलेइक आम्लामुळे पातळ करताना एका टप्प्यावर साबण तारा सुटाव्यात इतका चिकट होतो आणि पंपाला तो मानवत नाही. एरंडेल तेल थोडे असले तरी फेस टिकतो आणि द्रव स्वच्छ राहायला मदत होते. कोको बटर, शिआ बटर, पाम तेल अशी घट्ट स्निग्धद्रव्ये पूर्णपणे टाळावीत, कारण त्यांचा साबण द्रव गढूळ करतो आणि थंडीत तळाशी बसतो.

या विचाराने ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम, खोबरेल तेल १५० ग्रॅम आणि एरंडेल तेल ५० ग्रॅम असे ५०० ग्रॅम तेल घ्यावे. एक ग्रॅम ऑलिव्ह तेलाला शुद्ध पोटॅश ०.१९० ग्रॅम, खोबरेलाला ०.२५७ ग्रॅम आणि एरंडेलाला ०.१८० ग्रॅम लागतो. त्यांची बेरीज १०४.५५ ग्रॅम येते. थोडे तेल शिल्लक राहावे आणि क्षार मात्र उरू नये म्हणून त्यातून ३ टक्के वजा केले की सुमारे १०१.४ ग्रॅम राहतात. याला ०.९० ने भागले की ११२.७ येतात, खाली उतरवून ११२ ग्रॅम पोटॅश घ्यावा. पाकिटावर ८५ टक्के लिहिले असेल तर १०१.४ ला ०.८५ ने भागावे, म्हणजे ११९ ग्रॅम होतील. वडीच्या साबणात ५ ते ८ टक्के तेल जास्तीचे ठेवतात, पण द्रव साबणात ३ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वर तरंगू लागते. पाणी पोटॅशच्या तिप्पट, म्हणजे ३३६ ग्रॅम घ्यावे आणि ते डिस्टिल्डच असावे. जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चोथा तयार करतात, आणि असा चोथा जाळीत अडकायला फार वेळ लागत नाही.

सर्व मापे ग्रॅममध्ये, वजनकाट्यावरच घ्यावीत. द्रवही वजनानेच मोजावेत. कप आणि चमच्यांच्या मापाने क्षाराचे काम करणे धोक्याचे आहे.

क्षार हाताळताना डोळ्यांवर बंद गॉगल, हातात लांब रबरी मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा असावा. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा उष्णता सोसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. ॲल्युमिनियमचे भांडे, चमचा किंवा झाकण चुकूनही वापरू नये. क्षाराची त्याच्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडे खरवडले जाते. मुले आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नसावेत आणि खिडकी उघडी असावी. क्षार त्वचेवर उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवावे. व्हिनेगर लावून तो मारण्याच्या भानगडीत पडू नये. डोळ्यात गेला तर तितकाच वेळ सलग धुवून लगोलग डॉक्टर गाठावा.

आधी पाणी भांड्यात घ्यावे आणि त्यात पोटॅश थोडा थोडा सोडत ढवळावे. पोटॅशवर पाणी ओतण्याची चूक कधीही करू नये, कारण एकदम उसळून ते अंगावर येऊ शकते. पोटॅश पाण्यात पडताच चुरचुर असा आवाज येतो आणि भांडे हात लावता येणार नाही इतके तापते. तो आवाज नवख्याला दचकवतो, पण तो अपेक्षितच आहे. वाफ नाकात जाऊ न देता, द्रव नितळ होईपर्यंत ढवळून बाजूला ठेवावे.

तेले एका जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात एकत्र करून सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवावीत. हे पातेले उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या मोठ्या पातेल्यात बसवले तर आच थेट लागत नाही. स्लो कुकर असेल तर काम अधिक सोपे होते. आता क्षाराचे पाणी बारीक धारेने तेलात ओतून हँड ब्लेंडर लावावा. ब्लेंडरचे पाते पूर्ण बुडालेले असेल तेव्हाच तो सुरू करावा आणि मधूनमधून बंद ठेवून नुसते ढवळावे. सुरुवातीला तेल आणि पाणी वेगळे होत राहते, आपले काही चुकले की काय असे वाटते, आणि मग दहा मिनिटांत किंवा कधी अर्ध्या तासात मिश्रण अचानक दाट होते. त्यानंतर ब्लेंडर काढून घ्यावा, कारण लगद्यात तो अडकून जळतो. पुढचे काम उलथन्याचे आहे.

यानंतर झाकण ठेवून मंद आचेवर तीन ते चार तास शिजवावे आणि दर अर्ध्या तासाने तळापासून उलटावे. लगद्याचे रूप या वेळात दोनदा बदलते. प्रथम तो पांढरा, चिवट आणि इतका जड होतो की उलथने त्यात उभे राहते आणि ओढले तर सगळा गोळा सोबत येतो. मग कडांकडून पांढरेपणा हटू लागतो, पिवळसर पट्टे दिसतात आणि शेवटी सर्व लगदा पेट्रोलियम जेलीसारखा अर्धपारदर्शक होतो. मध्ये कुठे पांढरे डाग असतील तर तो शिजलेला नाही असे समजावे. येथे घाई करून उपयोग नसतो. अर्धकच्चा लगदा पुढे पाण्यात घातल्यावर दुधाळ होतो आणि तेव्हा दुरुस्ती करणे कटकटीचे ठरते.

दोन चाचण्या

पहिली चाचणी स्वच्छतेची आहे. १० ग्रॅम लगदा २० ग्रॅम गरम डिस्टिल्ड पाण्यात काचेच्या ग्लासात पूर्ण विरघळवावा आणि गार होऊ द्यावा. ग्लासामागे धरलेली छापील अक्षरे वाचता आली तर साबण झाला. किंचित धूसरपणा ३ टक्के जादा तेलामुळे येतो, त्याची काळजी नसावी. द्रव दुधासारखा पांढरा असेल किंवा वर तेलाचा थर आला तर आणखी तासभर शिजवून पुन्हा पाहावे.

दुसरी चाचणी उरलेल्या क्षाराची आहे आणि ती टाळू नये. याच ग्लासात फेनॉल्फ्थॅलीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. रंग आला नाही किंवा अगदी फिकट गुलाबी छटा आली तर ठीक. भडक गुलाबी रंग आला तर मुक्त क्षार शिल्लक आहे. अशा वेळी लगद्यात ५ ग्रॅम ऑलिव्ह तेल नीट कालवून अर्धा तास शिजवावे आणि चाचणी पुन्हा घ्यावी. कागदी पीएच पट्ट्यांवर विसंबून राहू नये. साबणाच्या द्रावणात त्यांचा रंग फसवा येतो. चांगल्या साबणाचाही पीएच ९ ते १० असतो. तो ७ वर आणायचा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर घातले की साबण फुटतो, म्हणजे त्यातली स्निग्ध आम्ले पुन्हा मोकळी होऊन पांढरी साय वर येते. साबणाला साबणासारखेच राहू द्यावे.

लगद्यापासून बाटलीपर्यंत

वरील प्रमाणात ९०० ग्रॅमच्या आसपास लगदा मिळतो आणि त्यापासून फोम पंपाचा पाच लिटरहून अधिक साबण होतो. एवढा साबण एकदम पातळ करून ठेवण्यात शहाणपण नाही. लगदा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत अनेक महिने चांगला राहतो. लागेल तसा १०० ग्रॅम काढून घ्यावा.

१०० ग्रॅम लगद्यावर २०० ग्रॅम उकळलेले गरम डिस्टिल्ड पाणी ओतून झाकून रात्रभर ठेवावे. चमच्याने कुटत बसल्याने फक्त फेस होतो. लगदा आपल्या वेळेने विरघळतो. सकाळी वर एखादी साय किंवा आत गुठळी दिसली तर भांडे पुन्हा कोमट करून आणखी काही तास द्यावेत. या दाट द्रवात साबणाचे प्रमाण सुमारे २० टक्के असते. तो दोन-तीन दिवस स्थिर ठेवला तर बारीक गाळ तळाशी बसतो आणि वरचा नितळ भाग अलगद ओतून घेता येतो. पंपाच्या जाळीच्या दृष्टीने ही दोन दिवसांची वाट पाहणे अगदी मोलाचे आहे.

शेवटी हा द्रव आणि डिस्टिल्ड पाणी समसमान मिसळावे, म्हणजे बाटलीतल्या साबणाचे प्रमाण १० टक्क्यांच्या जवळ येते. मग पंप लावून तळहातावर एकदा दाबून पाहावे. फेसाचा उंचवटा तळहात किंचित तिरका केला तरी काही क्षण जागेवर राहिला पाहिजे. फेस ओघळून मनगटाकडे गेला तर पाणी जास्त झाले आहे, दाट द्रव चमचाभर वाढवावा. कळ जड लागली, फेस मोठ्या बुडबुड्यांचा आला किंवा थुंकल्यासारखा तुटक पडला तर पाणी वाढवावे. तेलांच्या प्रतीनुसार हा फरक पडतोच, म्हणून कोणाचेही प्रमाण, येथे दिलेले सुद्धा, अंतिम समजू नये.

सुगंध हवा असेल तर २५० मिलिलिटर बाटलीमागे वीस-पंचवीस थेंबांपेक्षा जास्त सुवासिक तेल घालू नये आणि तेही पाणी मिसळण्याआधी दाट द्रवात घालावे, म्हणजे साबण त्याला धरून ठेवतो. दालचिनी आणि लवंगेची तेले त्वचेला झोंबतात, ती वगळावीत. एक चहाचा चमचा ग्लिसरीन चालते. त्याने जाळीवर साबण वाळून बसण्याचे प्रमाण कमी होते.

बाकी बाटलीत काही घालू नये, याबाबत मी थोडा हट्टी आहे. त्वचा मऊ राहावी म्हणून चमचाभर बदाम किंवा ऑलिव्ह तेल घालण्याचा सल्ला वारंवार दिला जातो, पण ते तेल साबणात मिसळत नाही. वर तरंगते, फेस मारते आणि जाळीला चिकटते. कोरफडीचा गर, मध, दूध, वनस्पतींचे काढे यांनी सूक्ष्मजीवांना खाद्य मिळते, शिवाय त्यातले तंतू पंपात अडकतात. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून वाचवते, पण जंतूंना रोखत नाही. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही परिरक्षके आम्लधर्मी पदार्थांतच काम करतात, म्हणून साबणाच्या पीएचला त्यांचा उपयोग होत नाही. बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेले जंतुनाशक घातले तर साबण आणि ते एकमेकांना निकामी करतात. साध्या साबणाने वीस सेकंद हात चोळले तर त्याला आणखी जोड लागत नाही. फोम पंपाचा फेस आयता मिळत असल्याने माणूस तो लगेच धुवून टाकतो, एवढेच भान ठेवावे.

परिरक्षक नसलेला हा पातळ साबण तीन-चार आठवड्यांत संपेल इतकाच करावा. वास बदलला, रंग गढूळ झाला किंवा तळाशी तंतू दिसले तर गाळून वाचवण्याचा प्रयत्न न करता टाकून द्यावा.

पंप

पंपाचा खालचा भाग जाड असतो आणि बाटलीत बरीच जागा घेतो, म्हणून बाटली तीन-चतुर्थांशच भरावी. काठोकाठ भरल्यास पंप बसवताना साबण बाहेर येतो. संपत आलेल्या बाटलीत वरून नवा साबण ओतत राहू नये. दर वेळी बाटली रिकामी करून गरम पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि मग भरावी. पंप अडखळू लागला तर तो गरम पाण्याने भरलेल्या ग्लासात उभा करून पंधरा-वीस वेळा दाबावा. बहुतेक वेळा जाळी एवढ्याने मोकळी होते. पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर कोमट व्हिनेगर त्यातून दाबून अर्धा तास ठेवावे, पण त्यानंतर साधे पाणी भरपूर वेळा दाबून व्हिनेगरचा अंश काढून टाकावा, नाहीतर नवा साबण पंपातच फुटून जाळी पुन्हा बंद होईल.